माईची ओळ

गुरुवार, ११ फेब्रुवारी १९९९, कुवेत

नोरीनने दिलेली सीडी आज लावायलाच नको होती. नोरीन म्हणजे आमच्या वॉर्डातली आयरिश सिस्टर. ही गायिका त्यांच्याकडची जुनी गाणी म्हणते, काही स्वतः रचलेलीही. पहिल्या अल्बममध्ये भाऊ बरोबर होता, एक ओळ तिची, एक त्याची. मग तो गेला. हा दुसरा अल्बम तिने एकटीने केलाय, पण भावाची ओळ आली की ती गप्प बसते. तेवढा वेळ नुसती शांतता, मग पुढची ओळ.

ती शांतता काही डोक्यातून जाईना. कशाला असं करायचं? दुसरा कुणी गायक मिळाला नसता? रागच आला मला तिचा.

आमच्या फुगडीच्या गाण्यातही तसंच. एक ओळ माझी थोरली बहीण माई म्हणायची, एक मी. माई गेली तेव्हा मी इथेच ड्युटीवर होते. पण मी काही असं दुःख मांडून बसले नाही. कामावर जाते, घर बघते.

संध्याकाळी तांदूळ धुताना तेच गाणं सहज तोंडात आलं. लेक टेबलाशी अभ्यास करत होती. मान वर न करताच म्हणाली, "मम्मी, यू ऑलवेज स्टॉप देअर."

मी थांबते? नेहमी? कधीपासून?

आत्ता बाथरूमचं दार लावून मुद्दाम म्हणून बघितलं. माईची ओळ मला पाठ आहे. ती जागा आली, माझं तोंड मिटलं, आणि मी कान देऊन उभी राहिले.