काळ्या फडक्याआड

नाना, तुमचा एक फोटो माझ्याकडे आहे, आणि तो मी तुम्हाला न विचारता काढलेला आहे. ज्या काचेवर तो उतरला ती काच अजून शाबूत आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तेवढी वर्षं ती तुमच्याच जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या पुस्तकांच्या कपाटात, सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवलेली आहे. आईला मी कधी सांगितलं नाही. आता आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्याने अंगणात उन्हाला बसून तांदूळ निवडता येतात, इतकंच. मागच्या आठवड्यात निवडता निवडता ती म्हणाली, "निम्म्या महाडाला यांनी फोटो काढून भिंतीवर टांगलं, आणि स्वतः कुठल्याच भिंतीवर नाहीत. डोळे आहेत तोवर एकदा बघायचे होते." मी सूप हलवून दिलं. म्हणून हे पत्र. त्या काचेवरून आईसाठी एक प्रत काढू का, एवढंच विचारायचं आहे.

एवढ्याशा गोष्टीला परवानगी कशाला, असं दुसरं कोणी म्हणेल. तुम्ही म्हणणार नाही. पोलादपूरच्या बाजारात तुम्ही पेटी मांडायला लागलात की काय व्हायचं ते मला लख्ख दिसतं. तीन पायांची घोडी उभी राहते, वर लाकडी पेटी चढते, तिच्यावर काळं फडकं पडतं, आणि आजूबाजूची माणसं पाटी-टोपली उचलून चार हात लांब सरकतात. एक जण म्हणतो, चित्र काढलं की आयुष्य कमी होतं. दुसरा म्हणतो, सरकारचा माणूस दिसतोय, आज तोंड टिपून नेईल नि उद्या पट्टी बसवील. लढाई संपून चार-पाच वर्षंच झालेली. पलटणीसाठी नावं लिहून नेलेल्यांतले कितीतरी परत आलेच नव्हते, त्यामुळे काहीही टिपून नेणाऱ्या माणसाची भीती वाटणं हे वेडेपणाचं नव्हतं. तुम्ही कोणाची समजूत घालत नसा. पेटी रोखून झाली की फडकं तसंच मोकळं सोडायचं, आत फोटोची काच न घालता पुढे जायचं आणि स्वतःच पेटीसमोर उभं राहायचं. "मी हितं उभा हाय. ज्याला बघायचं त्यानं फडक्यात जाऊन मला बघा." मग कोणीतरी धीर करून डोकं आत घालायचा आणि आतून पहिलं जे यायचं ते हसू असायचं. पेटीच्या मागच्या धुरकट काचेवर तुम्ही, पगडीसकट, डोकं खाली आणि पाय वर. ज्याला आपण उलटा लटकलेला पाहिला त्याला माणूस कशाला भिईल? अर्ध्या तासात तुमच्यापुढे रांग लागे. तुम्ही मला एकदा म्हणालात, "आधी आपण दिसायचं, मग दुसऱ्याला बघायचं." मला तेव्हा हा धंद्यातला डाव वाटला होता. पुण्याहून बी. ए. होऊन आलो होतो ना.

पुण्याहून मी आणखी एक गोष्ट आणली होती, हातात मावणारा छोटा कॅमेरा. त्याला घोडी नको, फडकं नको. पोटाशी धरायचा आणि कळ दाबायची. त्या हिवाळ्यात पोलादपूरच्या बाजारात मी तो घेऊन फिरत असे, आणि माझ्यापासून कोणी चार हात लांब सरकत नसे, कारण मी काय करतो आहे हे कोणाला कळतच नसे. याचा मला अभिमान वाटे. तिथे कुडपणची एक बाई कोंबड्यांचं डालगं घेऊन बसली होती. एक कोंबडी सुटली, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर जाऊन बसली, गिऱ्हाईक गोल गोल फिरायला लागलं, आणि ही बाई अशी हसली की पदर खांद्यावर आला, डोळ्यांतून पाणी आलं, तोंडावर हात धरायचंही भान राहिलं नाही. मी कळ दाबली. आजही सांगतो, तो मी काढलेला सगळ्यांत चांगला फोटो होता. तुम्ही दासगावला आगबोटीने आलेल्या काचांची खोकी उतरवून घ्यायला गेला होतात, त्या दोन दिवसांत मी त्याची मोठी प्रत केली आणि आपल्या महाडच्या दुकानाच्या दर्शनी तावदानात लावून टाकली. आपल्या दुकानाचा नियम मला माहीत होता. ज्याचा फोटो त्याने येऊन पाहिल्याशिवाय आणि हो म्हटल्याशिवाय तावदानात काही लागत नसे. पण मला वाटलं, इतक्या चांगल्या फोटोला कसला नियम.

मीठ न्यायला आलेल्या कुडपणच्या दोघांनी तो पाहिला. आठ दिवसांत निरोप आला की त्या बाईला सासरी कोणी धड बोलत नाही. नवरा मुंबईला गिरणीत, आणि ही महाडच्या बाजारात डोईवर पदर न घेता दात दाखवत टांगलेली. हिनेच काढून घेतला असणार, असं भावकीचं म्हणणं. आणि फोटोवाल्याने पुन्हा गावात पाऊल टाकू नये. तुम्ही निरोप उभ्यानेच ऐकलात, तावदानातून फोटो काढलात, मला वाटलं फाडणार. फाडला नाहीत. बराच वेळ उजेडात धरून बघत राहिलात आणि म्हणालात, "झकास आहे." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "कोणाच्या घरात चोरपावलांनी शिरून तू त्यांचं हसणं उचलून आणलंस. आता ते परत द्यायला उद्या माझ्याबरोबर यायचं. मोठी पेटी तू उचलायचीस." एवढंच. तुम्ही ओरडला असता तर मी वाद घातला असता.

पोलादपूरपर्यंत बैलगाडी आणि पुढे ती चढण. पेटी खांद्यावर, घोडी पाठीला. माझ्या पदवीचा एकेक कागद वाटेत गळून पडतो आहे असं वाटत होतं, आणि तुम्ही पुढे शीळ घालत चालला होतात. वर पठारावर पोचलो तर देवळापुढच्या अंगणात माणसं आधीच जमलेली. त्या बाईचा थोरला दीर पुढे आला. "पेटी खाली ठेवू नका. हितं कायबी काढायचं नाय. आमच्या बायकामाणसांना तुमच्या पेटीत उलटं लटकवत्यात, ठावं हाय आमाला. लुगड्याचं काय व्हत असंल?" तेव्हा मला कळलं की त्यांची खरी धास्ती ही होती. पोलादपूरला कोणीतरी फडक्यात डोकावून गेलेला होता आणि त्याने अर्धीच हकीकत गावात नेली होती. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बरोबर इचारलंत. मग आधी माझंच धोतर बघा." मला पेटी मांडायला सांगितलीत आणि अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिलात.

कोणीच पुढे येईना. मी फडकं धरून उभा, तुम्ही तिकडे हात मागे बांधून उभे. आणि मग बायकांच्या घोळक्यातून तीच आली. दिराकडे बघितलंही नाही. "व्हा रे बाजूला. माझ्यापायी आलेत, मीच बघते." डोकं फडक्यात गेलं. मग फडकं हलायला लागलं. "अगो बाय! ह्यो तं वाघळावानी लटाकलाय गो!" हसू तेच होतं, डालग्याजवळचं. तिकडे तुम्ही एक पाय वर उचललात, सलाम ठोकलात, पगडी काढून पुन्हा घातलीत. "पगडी पडंना! येऊन बघा गो!" मग काय विचारता. बायका आल्या, म्हातारे आले, एकाच फडक्यात तिघं तिघं शिरायला लागले. शेवटी दीरही आला. तो आत इतका वेळ राहिला की बाहेरचे विचारायला लागले. त्याने डोकं बाहेर काढलं आणि न्यायाधीशासारखं जाहीर केलं, "धोतर जाग्याव हाय." अख्खं अंगण हसलं. एक म्हातारी म्हणाली, "तुजं आदी सांबाळ, मग त्यांचं बघ," तेव्हा तोही हसला.

मी सगळ्यांसमोर सांगितलं की बाईंना काही ठाऊक नव्हतं, मी गुपचूप काढला, चूक माझी. फोटो आणि त्याची फिल्म तिच्या हातात दिली. तिने फिल्म उन्हात धरली, आपलं काळं तोंड आणि पांढरे केस पाहून आणखी हसली, मग फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. दीर म्हणाला, "चुलीत घाल." ती म्हणाली, "का? ब्येस हाय. मुंबैला धाडते, त्यांना बी दिसंल मी कशी हसते ती." आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पन इचारलं असतंत ना, तं मी हसलेच नसते." नाना, तुम्ही तोवर माझ्याशेजारी येऊन उभे होतात, तुम्ही ते ऐकलंत. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही पोरांबरोबर परत अंगणाच्या टोकाकडे निघाला होतात. या एका वाक्याला मी अजून उत्तर शोधतो आहे. न विचारता काढला म्हणून तो फोटो तसा आला, आणि न विचारता काढला म्हणून तिला आठ दिवस सोसावं लागलं. दोन्ही खरंच आहे.

आणि तरी त्याच दिवशी, त्याच अंगणात मी पुन्हा तेच केलं. त्या रात्रीच्या माझ्या रोजनिशीत फक्त "कुडपणला जाऊन आलो. गैरसमज दूर झाला" असं आहे. जे लिहिलं नाही ते असं. सगळे बघून झाले होते. तुम्ही पुन्हा पलीकडे उभे होतात, पोरासोरांसाठी दोन्ही हात पाखरासारखे हलवत. मी फडक्यात शिरलो. काचेवर तुम्ही उलटे, मागे पठाराची कड, त्याच्याखाली आभाळ. शेकडो वेळा तुम्ही या पेटीसमोर उभे राहिला होतात आणि एकदाही आत फोटोची काच नव्हती. मी भिंगावर टोपी चढवली, पिशवीतून डबीबंद काच घेतली, आत सरकवली, काचेपुढची झडप ओढली. झडपेचा तो सर्रकन आवाज तुम्ही झोपेतही ओळखला असता. टोपी काढली, तीन अंक मोजले, टोपी लावली. त्या तीन अंकांत अंगणातलं सगळं हललं. पोरं पुसट झाली, एका कोंबडीच्या तीन कोंबड्या झाल्या. तुम्ही मात्र हललेला नाहीत. हात खाली, मान सरळ, पगडीखाली एकेक सुरकुती मोजून घ्यावी इतके स्पष्ट. तुम्हाला आवाज ऐकू आला होता का? की हात दुखले म्हणून खाली घेतलेत? घरी येईपर्यंत तुम्ही शीळ घालत होतात. तुम्ही काही विचारलं नाहीत, मी काही सांगितलं नाही, आणि दोन वर्षांनी विचारायला तुम्ही राहिला नाहीत. हातून पुन्हा चोरी झाली म्हणून मी तिची प्रत काढली नाही. ही माझी सचोटी होती की भित्रेपणा, ते मला नक्की सांगता येत नाही.

आता खरं सांगतो. वर पहिल्याच परिच्छेदात विचारलेला प्रश्न लबाडीचा आहे. प्रत मी काल सकाळीच काढली. काच आणि कागद चौकटीत दाबून अंगणात उन्हाला ठेवले, कागद हळूहळू तांबूस होत गेला आणि तुम्ही वर येत गेलात. आईच्या हातात दिली आणि म्हटलं, नाना आहेत. तिने उजव्या डोळ्याजवळ धरली, लांब केली, पुन्हा जवळ आणली. मग सावकाश ती उलटी फिरवली, डोकं खाली, पाय वर. "असे," ती म्हणाली. "आता ओळखले." मला वाटलं डोळ्यांनी दगा दिला. तर ती म्हणते, "पेटी घरात आली तेव्हा यांनी पहिलं मला फडक्यात घातलं होतं. सासूबाई ओटीवर, मामंजी दारात. नवऱ्याकडे मान वर करून बघायची सोय होती का आम्हाला? फडक्यात कोण बघतंय! पोटभर बघून घेतले. मी आत हसले, तर हे बाहेर एका पायावर उभे राहिले." म्हणजे बाजारातली तुमची ती युक्ती बाजारात सुचलेलीच नव्हती.

मग आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला, फोटो आत घेतला आणि उन्हाकडे पाठ करून बसली. पदर हलायला लागला. सत्तरीची बाई आत हसत होती.

हे पत्र त्या काचेबरोबर धोतराच्या तुकड्यात ठेवतो आहे. आणि एक राहिलं. आई पदराआड हसत होती तेव्हा माझा हात कोनाड्यातल्या छोट्या कॅमेऱ्याकडे गेला होता. फोटो काढला नाही, पण तुमची आठवण झाली म्हणून नव्हे. फिल्म संपली होती.