बिनआवाजाची रायफल

३ सप्टेंबर २०२५, बुधवार
निर्णय झाला. एअर रायफल घ्यायची. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं तेव्हासुद्धा एवढा विचार केला नव्हता. (तेव्हा सरांशी वाजलं आणि पाच मिनिटांत बॅग उचलून कराडहून घरी. बरोबरच केलं.)
कारण एकच. संयोगिता. भिंतीपलीकडच्या रिटायर सुभेदार भाऊसोंची लेक. काल किराणा दुकानात सुभेदार सगळ्यांदेखत म्हणाले, आमची पोरगी नेम धरता येणाऱ्यालाच देणार. बोलताना माझ्याकडं बघत होते. म्हणजे हिंट दिली.
दिवाळीपर्यंत परड्यात प्रॅक्टिस. मग एक दिवस अचानक दाखवायचं. तोवर सीक्रेट. म्हणून आवाज नको.

५ सप्टेंबर
दिवसभर मोबाईलवर अभ्यास. हवा भरून ठेवायची रायफल सगळ्यात शांत, पण तिचा पंपच रायफलीएवढा महाग. गॅसवाली बजेटच्या बाहेर. उरली स्प्रिंगवाली. नळी बिजागरीत मोडायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची. एका व्हिडिओतला माणूस म्हणाला, कमी ताकदीची घ्या, टाळी वाजवल्याएवढाच आवाज.
मध्येच आई म्हणाली, भाकरी खाऊन घे. ओरडलो. संशोधनात डिस्टर्ब चालत नाही.

९ सप्टेंबर. सांगली
दुकानदारानं आधार कार्ड बघितलं, मग मला बघितलं. विचारलं, माकडं हाकलायला पायजे का? म्हणालो, टार्गेट शूटिंग, बिनआवाजाची. तो म्हणाला, गड्या, निम्मा आवाज बंदुकीचा नसतोय, छर्रा ज्याला लागतो त्याचा असतोय. पत्र्यावर मारू नगंस, मातीच्या पोत्यावर मार.
मला शिकवतो. सगळ्यात स्वस्त घेतली. दुर्बीण नको म्हणालो. नेम डोळ्यात असतो.

१० सप्टेंबर
पहिला छर्रा डब्यावर मारला. डबा चुकला, न्हाणीच्या पत्र्याला बसला. ढण्ण. आत आई होती. ओल्या केसांनी बाहेर आली आणि दगड कोण मारतंय ते शोधत फिरली. मीही तिच्याबरोबर शोधलं.
उद्यापासून मातीचं पोतं.

१४ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ५
वीस छर्रे. पोत्याला अकरा. त्यावर चिकटवलेल्या गोलाच्या कागदाला शून्य. साइटमध्ये डिफेक्ट आहे. पोत्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.
पण आवाज खरंच नाही. नुसतं फट.
संयोगिता गच्चीवर आली. फोन कानाला, नजर इकडं. हसली! त्या नादात पुढचा छर्रा आईच्या जास्वंदीला.

१९ सप्टेंबर
ती रोज पाचला येते. आज तिची आई पण होती. परवा सुभेदार स्वतः, खुर्ची घेऊन. वारं खायला येत असतील. माझं काय चाललंय याचा कुणाला पत्ता नाही. सीक्रसी शंभर टक्के.
कागदाला दोन लागले. एक तर जवळजवळ गोलात.

२२ सप्टेंबर. घट बसले
आईचे नऊ उपास, माझ्या नोकरीसाठी. म्हणालो, नोकरी राहू दे, नेमासाठी धर. ती बरं म्हणाली.

२८ सप्टेंबर
आईनं सांगितलं, बुधवारी सुभेदारांकडं पाहुणे यायचेत. मुलगा फौजेत हवालदार, शंभूराज, इस्लामपूरकडचा, सुट्टीवर आलाय. हे सांगताना ती शेंगा निवडत होती. नंतरही निवडतच राहिली. मी पोत्याला लाथ घातली. अंगठा सुजला.
प्लॅन बदलला. बुधवारी पाहुणे मागच्या पडवीत बसतील. मी इकडं शांतपणे उभा राहणार. एकच छर्रा, मध्यात. संयोगिता बघेल आणि नकार देईल.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
सकाळी आईनं कोयता, विळा, खुरपं, पहार, सगळं पुजेला मांडलं. मध्ये माझी रायफल. हळदकुंकू, झेंडूची माळ. म्हणाली, हत्यार हाय, त्याचा मान हाय. बरं वाटलं.
चारला पाहुणे आले. पोहे आले. संयोगिता आली. मी नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला.
धडाम.
फट नाही. धडाम! नळीतून धूर, धुराला तळलेल्या खोबऱ्याचा वास. पलीकडं डिश फुटली, कुणीतरी बाई किंचाळली, सुभेदार सवयीनं जमिनीला आडवे. छर्रा कुठं गेला ते अजून माहीत नाही.
शंभूराज भिंतीवरून उडी मारून आला. रायफल काढून घेतली, नळी मोडून हुंगली. म्हणाला, आत तेल कुणी घातलं? स्प्रिंगच्या बंदुकीत तेल गेलं की दाबानं पेटतंय.
आई पुढं झाली. आवं, पूजेला सगळ्याच हत्यारांना खोबरेल लावलं. ह्याला भोक हुतं म्हणून पळीभर आत वतलं. पोराला यश यावं म्हणून.
मी तिला म्हणालो, तुला अक्कल नाही. पाहुण्यांदेखत. तिनं मान खाली घातली आणि पदरानं रायफलीचा दांडा पुसायला लागली.
शंभूराजनं नळी चिंधीनं साफ केली, सात-आठ छर्रे पोत्यात उडवले, आवाज बसला. मग तीन मारले. तिन्ही गोलात. साइटमध्ये डिफेक्ट नव्हता.
सुभेदारांना म्हणालो, सॉरी, तीन आठवडे बिनआवाजाची प्रॅक्टिस चाललीय, आजच असं झालं.
ते म्हणाले, बंदुकीचा आवाज कवाच आला न्हाई रं पोरा. नेम चुकला की तू शिव्या देतोस, त्या गल्लीच्या टोकापतोर जात्यात. पाच वाजलं की आमी खुर्च्या घिऊन वर बसतो.
सगळे हसले. संयोगिता हसता हसता खाली बसली. पाहुण्यांना सांगत होती, काल तर पोत्याला म्हणत हुता, थांब, तुझ्या बापाला सांगतो!
मग शंभूराजनं रायफल तिच्या हातात दिली. खांदा असा, गाल असा. घरात म्हणे दोघांना काही बोलायला सुचत नव्हतं. माझ्या परड्यात तासभर सुचलं. दिवस मावळायच्या आत सुपारी फुटली.

२ ऑक्टोबर. दसरा
शांतपणे विचार केला. सगळा दोष तेलाचा. तेल नसतं तर मध्यात बसला असता.
आईशी बोलत नाही. ती पुरणपोळी झाकून ठेवून गेली. खाल्ली, पण बोललो नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
शंभूराज ड्युटीवर गेला. जाताना संयोगितेला गॅसवाली रायफल घेऊन दिली. दुर्बिणीसकट.
दुपारी तिनं भिंतीवरून हाक मारली. नावानं. जयराज! आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाली, मी आता रोज पाचला प्रॅक्टिस करणार हाय. दर पाच छर्ऱ्यांनी पोत्यावरचा कागद बदलायला माणूस लागतोय. तू मोकळाच असतोस, येशील का?
मी ताठ सांगितलं, बघतो, माझंही शेड्यूल असतं.
पावणेपाचला गेलो.