लोणच्याच्या बाटलीतलं समुद्रफूल

बोरिवली, १७ जानेवारी १९८५

आज प्रॅक्टिकलला माझीच चूक झाली, आणि ती डोक्यातून जातच नाहीये.

मनोरीची सुनंदा लोणच्याच्या बाटलीतून समुद्रफूल घेऊन आली. फुलासारखा दिसणारा प्राणी, तोही जिवंत. ओढून काढलं तर फाटतं, म्हणून ज्या शंखाला चिकटलेलं होतं त्या शंखासकट. आणि मी? बाटलीतलं गढूळ पाणी सिंकमध्ये ओतलं, फूल नळाच्या स्वच्छ पाण्यात ठेवलं आणि मायक्रोस्कोपखाली सरकवलं. पाकळ्या मिटल्या त्या मिटल्याच.

“मॅडम, ते खाऱ्या पाण्यातलं होतं ना,” ती हळूच म्हणाली. बस, एवढंच. प्राणी त्याच्याच पाण्यात ठेवा, हे वर्षभर मीच घोकून घेते. एवढी कसली घाई होती गं तुला?

तास संपल्यावर ती रिकामी बाटली पुसत म्हणाली, “रविवारी ओहोटीला दुसरं आणते मॅडम. पाणी जास्त आणते.”

मग जर्नल सहीला पुढे केलं. जे दिसतं तेच काढायचं, हा माझा नियम. एरवी तसं नसेल तर चित्र खोडायला लावते. तिनं फूल उमललेलं काढलं होतं, सगळ्या पाकळ्या उघड्या. मायक्रोस्कोपखाली तसं ते दिसलंच नव्हतं. सकाळी मनोरीहून खाडी ओलांडताना बोटीत, मांडीवरच्या बाटलीत पाहिलं असणार तिनं.

मी सही केली.