आईच्या नावाचं बिल

ती. बाबांना,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोलीत ऊनही येतं. तुमचा गुडघा कसा आहे? दिवा लावूनच जिना उतरत जा.

कामाचं विचारलं होतंत. इथे या देशात विजेच्या पाच-सहा कंपन्या आहेत. खांब तेच, तारा त्याच, फक्त बिल कोणाचं घ्यायचं ते गिऱ्हाईक ठरवतं. मी दिवसभर फोन करून लोकांना आमच्या कंपनीकडे वळवते. तुम्ही हसाल. तुमची नोकरी खांबांवर चढण्यात गेली, पण आपल्याकडे कंपनी एकच आणि दर सरकारी वीज आयोगाने ठरवलेले, त्यामुळे कोणाची मनधरणी करावी लागली नाही.

काल एका आजोबांना आमचा दर पटला. मी नियमाप्रमाणे म्हटलं, "बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन द्या."

"बायकोच्या नावावर आहे. ती दोन वर्षांपूर्वी गेली."

"मग नवीन बिल तुमच्या नावावर करू."

"नको, पोरी. महिन्याकाठी तिच्या नावाने दारात काहीतरी येतं. ते बंद नको करूस."

मी फोन ठेवला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठले.

बाबा, आई गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी अर्ज आणून बिल तुमच्या नावावर करून टाकलं. सही करायला तुम्हाला चष्मा सापडेना. मी घर पालथं घातलं, शेवटी तो तुमच्याच खिशात निघाला. विसराळू झालात म्हणून मी वर रागावलेही.

तिच्या नावाचं एखादं जुनं बिल राहिलं असेल तर जपून ठेवा. नसेल, तर मला तसं कळवू नका.

तुमची,
धाकटी