भोंग्याबरोबर रानात

१४ ऑक्टोबर, शनिवार

उद्या रानात जायचं, आणि तेही भोंग्याबरोबर! पक्षीमंडळाची वार्षिक गणना. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि माझ्या वाट्याला ही आली. शाळेत माझा संगीताचा वर्ग आणि हिचा गणिताचा, भिंतीला भिंत लागून. ही पाढे घ्यायला लागली की माझी पेटी मलाच ऐकू येत नसे. भोंगा हे नाव मीच ठेवलं. तिला कळलं तेव्हा रागावलीसुद्धा नाही. आता फोन उचलल्यावर स्वतःच म्हणते, 'भोंगा बोलतेय.' अशा बाईशी मैत्री ठेवायची म्हणजे काय करायचं!

१५ ऑक्टोबर, रविवार

पायांपेक्षा डोकं दुखतंय.

बाई रानात आल्या त्या नारिंगी टोपी घालून. जवळ कुरकुरणाऱ्या पाकिटांची पिशवी. वाटभर बडबड — जावयाची बदली, गुडघ्याचं तेल, शेजारणीचं मांजर. वाळकं पान बघून 'घुबड, घुबड' म्हणून माझा हात ओढला. पान ते पान! मी दुर्बीणसुद्धा उचलली नाही.

ओढा ओलांडल्यावर मात्र कमाल केली. एकदम थांबली, माझं कोपर धरलं आणि कुजबुजली, "ऐक. पर्णवटवट्या." मी ऐकलं. लांब सुतारपक्षी ठोकत होता. कवडा घुमत होता. बाकी काही नाही. "अगं, डोक्यावरच तर ओरडतोय!" असं ही वर बोट दाखवून सांगते. वर नुसती पानं. अंगठ्याएवढं पानाच्याच रंगाचं पाखरू, ते दिसणार कुठून? म्हणूनच निवडलं असणार. हवं तेवढं दडपून सांगावं, कोण बघतंय!

पुढे हेच चालू. दर थोड्या वेळाने कोपर धरायचं, कान टवकारायचे, कागदावर रेघ ओढायची. शेवटी म्हटलं, दिसल्याशिवाय मोजायचं नाही. तर म्हणते, "आवाजावरून मोजतात की. तूच शिकवलंस मला." मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि बिस्किट पुढे केलं. खोटं पकडलं गेलं की माणसं खायला घालतात. मी घेतलं नाही.

जन्मभर वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा बेसूर मुलगा मी डोळे मिटून ओळखला. मला ही ऐकायला शिकवणार!

१६ ऑक्टोबर

भोंग्याला खरा आवाज ऐकवावा म्हणून पर्णवटवट्याचं ध्वनिमुद्रण फोनवर उतरवून घेतलं. फोन बिघडलाय! पडद्यावर रेघा नाचतात, आवाज मात्र नाही. सूनबाईंची निवड. दिसायला देखणा, कामाच्या नावाने शंख.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

मंडळाची बैठक, नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या दवाखान्यात. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. मी आडपडदा ठेवलाच नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "यातली निम्मी पाखरं हिच्या डोक्यात आहेत." डॉक्टर अवघडले. खोटी नोंद म्हणजे गणनेतून कायमचं नाव कमी, हा नियम त्यांचाच. त्यांनी भोंग्याला विचारलं. मला वाटलं, आता आकांडतांडव! अर्ध्या मार्कासाठी मुख्याध्यापकांशी भांडलेली बाई ही. पण हातातला कप फिरवत म्हणाली, "असेल. माझीच चूक झाली असेल."

झालं. नाव कमी. गणनेसाठी वर्षभर जीव टाकते, आता बसेल घरी. मला वाईट बिलकूल वाटलं नाही. परतताना माझ्याबरोबर पायऱ्या उतरली, तर तोंडातून एक शब्द नाही. मंडळाने तिला गप्प केलं, एवढंही कमी नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

फोन दुरुस्तीला नेला. दुकानदार पोरगेलासा, केसांना पिवळा रंग. मी पर्णवटवट्या लावून दाखवला — बघा, मुका. त्याने कानावर हातच ठेवला. "काकू, बारीक करा, कान फाटले!" मागच्या बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं. मी म्हटलं, थट्टा करता का? तो गोंधळून त्या बाईकडे बघायला लागला. ती हळूच म्हणाली, "येतोय हो आवाज. फार टोचतोय."

मी कवडा लावला. स्वच्छ ऐकू आला. सुतारही. परत पर्णवटवट्या. रेघा नाचत होत्या. फोन कानाला लावला. काही नाही.

त्याने पैसे घेतले नाहीत. फोनला काही झालेलंच नव्हतं.

घरी येऊन पेटीवर बसले. वरच्या पट्टीतले सूर लागतात की मला नुसते आठवतात, ते समजेना. झाकण लावून टाकलं.

२२ ऑक्टोबर

डॉक्टरांना सगळं सांगितलं, भोंग्याचं नाव परत घालायला लावलं. मग तिला फोन केला. विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, "झालं असेल वर्ष."

"मग बैठकीत बोलली का नाहीस?"

"सगळ्यांसमोर?" ती म्हणाली. "तुझ्या कानांबद्दल?"