काळे, काले, काल

८ जाने., बुध.
आत्याचं हाड जुळणार नाही. हृदय भूल सोसणार नाही म्हणून ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही म्हणून खाट. डॉक्टर सज्जन. दिवस सांगितले नाहीत, फक्त म्हणाले, "जो खाने का मन हो, खिलाइए." मन मलइयोचं आहे, इथल्या थंडीतला तो दुधाचा गोड फेस. आणून दिलं. दोन चमचे.

इस्पितळातला फॉर्म. कंपाउंडर : "माताजी, पति का नाम?" आत्या नवऱ्याचं नाव घेत नाही, आजही नाही. कपाळाच्या मधोमध बोट ठेवलं. तिसरा डोळा, म्हणजे त्र्यंबक. कंपाउंडर माझ्याकडे वळून हळूच : "सिर में भी लगी है क्या?"

मी लिहिलं : त्र्यंबक विनायक काळे. पुढचा रकाना, जीवित / मृत. तो तसाच सोडला.

९ जाने., गुरु.
सकाळी आत्यानं ट्रंक उघडायला लावली. तळाशी दोन लुगडी, एक हिरवं, एक पांढरं. दोन्हीची घडी मोडलेली नाही.

"दिगू, मला कोणतं नेसवायचं?"
म्हटलं, हिरवं. कुंकू तुझं आहे, तू लावतेस, संपलं.
"तुझं मत नाही विचारलं. तुझी मतं पेपरात वाचते मी. मला नोंद हवी."

सत्तेचाळीस वर्षं झाली. आतोबा पंचगंगा घाटावर स्नानाला गेले ते आले नाहीत. पायरीवर धोतर घडी करून ठेवलेलं, त्यावर घड्याळ, चालू. बुडाले म्हणावं तर देह नाही. पळाले म्हणावं तर बिनधोतराचा माणूस किती लांब जाईल? तिसरी शक्यता सगळ्यांना ठाऊक, कोणी बोलत नाही : संन्यास. संन्याशानं स्वतःचं श्राद्ध स्वतः केलेलं असतं. मग मागे राहते ती कोण?

"खोटं लेणं लेवून मी घाटावर जाणार नाही," म्हणाली. "मी कोण म्हणून जायचं तेवढं शोधून दे."

अहिल्याबाई घाटामागच्या संस्थेत मठांच्या संन्यास-नोंदवह्या टंकून ठेवल्या आहेत. त्या कामावर मी पेपरातल्या माझ्या 'काशीच्या पत्रा'त थट्टा केली होती : आता वाळवीनं वाचायचं काय? आता त्याच दारात जायचं. वाळवी हसत असेल.

१० जाने., शुक्र.
संस्था. सर्व्हर म्हणजे देवघराएवढी खोली, एक काळं कपाट, आत घरघर. बाहेर चपला काढायच्या.

सांभाळणाऱ्या सुषमाजी. वीस वर्षांपूर्वी निम्म्या वह्या त्यांनीच टंकल्या, पुढल्या महिन्यात निवृत्त. मी ओळख सांगू लागलो तर म्हणाल्या, "पहचानते हैं. वाळवीवाले पंडितजी." त्यांच्या मराठी येणाऱ्या भाच्यानं वाचून दाखवलं होतं म्हणे.

पानागणिक एक फाईल. फायली हजारोंनी. नावं : 'अंतिम', 'अंतिम_सही', 'अंतिम_सही_२', 'यही_वाला_अंतिम'. म्हटलं, न्यायशास्त्रात अंतिमाला द्विवचन नसतं. "पंडितजी, आपके शास्त्र में अफ़सर भी नहीं होते."

शब्द द्यायचा, यंत्र सगळ्या फायली चाळतं, ज्या ओळीत तो सापडेल ती ओळ दाखवतं. 'काळे' दिला.
शून्य.
अर्थात. हिंदी बोटांना ळ कुठला? 'काले' दिला.

ओळी सुरू झाल्या त्या थांबेनात. प्रातःकाले. सायंकाले. ग्रहणकाले. तस्मिन् काले. मध्येच हिंदी पानांवर काले तिल, काले वस्त्र, काले कुत्ते को रोटी. आमचे आतोबा काळात आणि तिळांत विरघळले.

११ जाने., शनि.
'त्र्यंबक' दिलं. त्र्यम्बक, त्रयंबक, त्रयम्बक, त्रियंबक, सगळं दिलं. महादेव प्रत्येक पानाच्या डोक्यावर बसलेला. चौदाशे ओळी. वाचायला बसलो. साडेतीनशे वाचल्या. बत्ती गुल.

गोत्रावरून पाहिलं : काश्यप. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप लावतात, त्यामुळे निम्मी काशी काश्यप. 'विनायक'चंही तेच, गणपतीशिवाय पान सुरू होत नाही.

आत्याला आज मलइयो नको झालं.

१३ जाने., सोम.
सुषमाजींनी युक्ती सुचवली. "शादीशुदा आदमी को पत्नी की आज्ञा लगती है. बिना आज्ञा संन्यास नहीं देते. रजिस्टर में लिखना पड़ता है." अनुज्ञा! मला का सुचलं नाही? 'पत्न्यनुज्ञया' दिलं. एकसष्ट ओळी आल्या. एकसष्ट बायका हो म्हणालेल्या. नीट वाचल्या, दोनदा. त्यांत आमचं कोणी नाही.

घरी येऊन आत्याला विचारलं, तुला विचारलं होतं का त्यांनी?
"विचारलं ना. सकाळी. भाजीला काय आणू म्हणाले. मी म्हटलं पडवळ."
थोड्या वेळानं : "संन्यासाचं विचारलं असतं तर हो म्हटलं असतं. पडवळापेक्षा सोपं होतं."

संपादकांचा फोन. "महाराज, काशीचं पत्र?" म्हटलं, काशी सध्या सापडत नाहीये.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. इथल्या बोलीत खिचडी. कोहरा, म्हणजे धुकं, इतका की मंगला गौरीच्या पायऱ्या पायांनीच ओळखायच्या.

शेजारच्या लेलेवहिनी हळदीकुंकू घेऊन आल्या. दर वर्षी पहिला मान आत्याचा. वहिनींनी बोट पुढे केलं, आत्यानं मान फिरवली.
"नको गं. ह्याचं यंत्र काय म्हणतं ते कळू दे आधी."
वहिनी रडवेल्या. "काळेकाकू, असं काय हो?"
"रडतेस काय? तिळगूळ ठेव. गोड आपण बोलूच."

सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आत्याचं कपाळ रिकामं पाहिलं. आमची सौ. स्वैपाकघरातून बाहेरच आली नाही.

मी उगाच शोधायला गेलो का? 'सापडलं, जिवंत आहेत' एवढं खोटं बोललो असतो तर... पण तिला खोटं कळतं. लहानपणी माझं व्याकरण दाराआडून ऐकून ती माझ्या चुका स्वैपाकघरातून ओरडून सांगायची. आजोबांनी शिकवलं मला, कळलं तिला.

१६ जाने., गुरु.
काल दिवसभर आत्याची तब्येत उतारावर. पाणी चमच्यानं. आज शुद्धीत. पहिला प्रश्न : "मिळालं?"

संस्था. उरलेले त्र्यंबक वाचतोय. सातशेपर्यंत आलो. डोळ्यांतून पाणी. सुषमाजींनी त्यांचा चष्मा दिला, नंबर माझाच निघाला. बायकी चौकट घालून बसलो आहे. कोणी हसत नाही म्हणजे अवस्था वाईट दिसत असणार.

'कृष्ण'ही देऊन पाहिलं. संस्कृताच्या हौशीनं कोणी आडनावच उलथवलं असेल म्हणून. काळे म्हणजे कृष्ण. काशीत 'कृष्ण' शोधणं म्हणजे गंगेत पाणी शोधणं.

१७ जाने., शुक्र.
मी गाढव आहे. नोंद राहावी म्हणून लिहितो.

दुपारी सुषमाजी एक पान वाचत होत्या. "पंडितजी, आप लोगों में ये 'लेल' कौन होते हैं?"
म्हटलं, लेल कोणी नसतं. लेले असतात, आमच्या शेजारीच आहेत.
"यहाँ तो साफ़ लिखा है. 'लेल इत्युपनामा'."

मी हातातला चहा खाली ठेवला. सांडलाच बहुतेक.

लेले अधिक इति. पुढे इ आला की ए ची मात्रा गळते, उरतं लेल इति. आठव्या वर्षी पाठ केलेलं, सोळाव्या वर्षी त्याच संधीवर बक्षीस घेतलेलं. वही लिहिणारा संस्कृत पंडित, तो आडनावाला संधी केल्याशिवाय कसा सोडेल? आणि मी आठ दिवस 'काले' शोधतोय, मात्रेसकट!

"लिखिए," म्हटलं. "काल. फिर जगह. फिर इत्युपनामा."
त्यांनी टंकलं.

एक ओळ. एकच.

*काल इत्युपनामा विनायकसूनुस्त्र्यम्बको मृतपत्नीकः*

पुढे मठाचं नाव, नवं नाव अद्वयानंद, आणि समाधीचा, म्हणजे मृत्यूचा, रकाना कोरा.

सुषमाजी आनंदानं टाळी वाजवणार होत्या. माझ्याकडे पाहून थांबल्या. "क्या हुआ? मिल तो गए."

मृतपत्नीकः. मृता पत्नी यस्य सः. ज्याची बायको मेलेली आहे असा. म्हणून अनुज्ञा नाही. मेलेल्या बाईची परवानगी कोण मागतो?

आत्या विचारते आहे, मी सवाष्ण की विधवा. नोंद म्हणते, तू नाहीसच. पडवळ निवडत होतीस तेव्हापासून नाहीस.

कागद छापून घेतला. खिशात आहे. घरी सांगितलं, अजून बघतोय.

१८ जाने., शनि.
खिशाला हात लागला की भाजल्यासारखं होतं. आत्या बघते.

सकाळपासून तो समास फोडतोय. दुसरा विग्रह निघतो का? निघत नाही. बहुव्रीहीतला 'यस्य' इतका निर्दय कधी वाटला नव्हता.

मग स्नान करताना, अंगावर तांब्या पालथा घालताना :

त्र्यम्बकः + मृतपत्नीकः = त्र्यम्बको मृतपत्नीकः.
त्र्यम्बकः + अमृतपत्नीकः = त्र्यम्बकोऽमृतपत्नीकः.

दुसऱ्यात 'अ' गिळला जातो, मागे फक्त अवग्रह उरतो, तो वाकडा ऽ. ती नुसती खूण. उच्चार नाही. कानाला दोन्ही एकच. खूण असेल तर 'ज्याची बायको मेलेली नाही असा'. खूण नसेल तर...

ओल्या अंगानं सुषमाजींना फोन. टंकताना तुम्ही तो ऽ घालत होता का?
"वो एस जैसा? नहीं पंडितजी. तब के फ़ॉन्ट में उसका बटन ही नहीं था. सब जगह छोड़ दिए." मग घाबरून : "कुछ गड़बड़ हो गई क्या हमसे?"
म्हटलं, बाई, तुमच्या पाया पडतो.

आता शांतपणे. जिवंत बायकोला 'अमृतपत्नीक' कोणी लिहीत नाही. जीवत्पत्नीक लिहितात. मला ठाऊक आहे. शिवाय बायको जिवंत, तर अनुज्ञा कुठे? तेही ठाऊक आहे. विद्यार्थ्यानं हा अर्थ लावला असता तर मी त्याला उभं केलं असतं. पण लिहिता येतं. व्याकरणाची हरकत नाही. पन्नाशी उलटलेला माणूस एका वाकड्या रेघेला लोंबकळतोय.

मूळ वही मठाच्या पेटीत. पेटीची किल्ली मठाचं भांडार सांभाळणाऱ्या कोठाऱ्यांकडे. कोठारी माघमेळ्याला, प्रयागला. फोन लागला. मागे भोंगा, हरवलेल्या माणसांची घोषणा. "मेला ख़त्म होने पर आइए." म्हटलं, महाराज, माझ्याकडे मेळा संपेपर्यंत वेळ नाही. मग : "तो ख़ुद आकर किल्ली ले जाइए. पर बही पुरानी है. कीड़ा लगा है."

वाळवी. वाचलंच तिनं.

१९ जाने., रवि.
सकाळी आत्या स्पष्ट बोलली. "खिशात काय आहे?"

काढला. डोळे आता चालत नाहीत तिचे, म्हणाली, "वाच. मोठ्यानं. जसं आहे तसं."

आधी नवं नाव सांगितलं : अद्वयानंद.
तिनं ते हळूच म्हणून पाहिलं. "अद्वयानंद." परत, जरा मोठ्यानं. "हे घेता येतंय की रे मला. हा कोणाचा नवरा नाही."
सौ. दारात उभी होती, ती हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली.

"पुढे?"

वाचलं. खोटं बोललो नाही, खरंही बोललो नाही, जसं लिहिलंय तसं म्हटलं. विनायकसूनुस्त्र्यम्बको मृतपत्नीकः. विसर्गापर्यंत आवाज टिकला.

आत्या डोळे मिटून. मला वाटलं, झोप लागली.

"दिगू," म्हणाली, "मध्ये अवग्रह आहे का रे?"

कागद पुन्हा डोळ्यांपाशी धरला.

"यंत्रात नाही," म्हटलं. "वहीत बघावं लागेल. किल्ली प्रयागला आहे."
"मग जा ना."
"तुला असं टाकून?"
"टाकून कसलं? मला विचारून चाललायस."

साडेदहाची बस. शाल घेतली, सुषमाजींचा चष्मा घेतला. लेलेवहिनी आत्याजवळ बसायला आल्या आहेत, कुंकवाची डबी घेऊन. आत्यानं ती उशाशी ठेवून घेतली. उघडली नाही, परतही केली नाही. ट्रंक अजून उघडी. दोन्ही लुगडी वरच.

हे दारात उभ्यानं लिहितोय. चपला घालताना तिनं हाक मारली.

"धावू नकोस. कोहरा आहे. सावकाश बघ."

मग, मी उंबऱ्याबाहेर पडल्यावर :

"मी आहे."