चागोच्या दुकानातला रेडिओ

टँपा, फ्लोरिडा
११ जून १९८७

ती. आजोबांस,

खांदा बरा झाला नाही. काल साहेबांनी बोलावून सांगितलं, की बेसबॉल संघाला आता माझी गरज नाही. असा चेंडू फेकणारा पिचर दहा वर्षांत एखादाच होतो, असं हीच माणसं म्हणायची. दहा जुलैचं मायदेशी परतीचं विमानाचं तिकीट त्यांनी हातात ठेवलं आहे. मी ते वापरणार नाही. काढून टाकलेली आपली पुष्कळ मुलं करतात तेच करीन. न्यूयॉर्कला रामोनमामाकडे जाईन, त्याच्या दुकानात खोकी उचलीन. मग मामासारखंच कागदपत्रांविना लपून राहावं लागेल, घरी येता येणार नाही. पण गावात कुठल्या तोंडाने येऊ? कोणाला सांगू नका.

तुमचा,
हायरो

कोन्सुएलो
२१ जून १९८७

चि. हायरोस, देव तुझं भलं करो.

तू मागितला नाहीस, तरी आशीर्वाद देतो आहे. आशीर्वाद मागितल्याशिवाय तू कधी घराबाहेर पाऊल टाकलं नाहीस. पत्रात तो दिसला नाही, तेव्हा पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. झोपताना खांदा ठणकतो का रे? शेकतोस का? उकडलेली केळी तरी मिळतात का तिथे?

मी कोणाकडे ब्र काढला नाही. चागोच्या दुकानापुढे डॉमिनो खेळताना कोणी विचारलंच तर पोरगा मजेत आहे, असं ठोकून द्यायचो. पण मी दिसलो की चागो रेडिओ बंद करायचा, बॅटरी संपली म्हणायचा. शिवाय मी रोज जिंकत होतो! काल न राहवून चागोला फैलावर घेतलं. तर तो म्हणतो, अरे म्हाताऱ्या, तुझ्या पोराला काढल्याची बातमी त्याच संध्याकाळी रेडिओवर लागली होती. तुला कळू नये म्हणून आमचीच तारांबळ चालली होती. शेजारची फेलिपा म्हणाली, तुला जिंकवता जिंकवता आम्ही खेळ विसरलो बाबा. मग डोळे पुसत मलाच दरडावू लागली, की पोर कधी येतंय ते आधी सांग, बकरं सांगून ठेवायचं आहे.

मग लपणार कोणापासून? सगळ्यांना ठाऊक आहे आणि एकही माणूस हसलेला नाही. तुझी आजी गेली तेव्हा रामोनला मातीलाही येता आलं नाही. एक मुलगा त्या शहराने ठेवून घेतला, दुसरा मी देणार नाही. मला पिचर नको, हायरो हवा. आणि चेंडू उचलवत नाही तो खोकी काय उचलणार, गाढवा? विमानात खिडकीपाशी बसू नकोस, खांद्याला वारा लागेल.

या घाबरट म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आजोबा,
निकानोर

टँपा
३ जुलै १९८७

ती. आजोबांस, आधी आशीर्वाद द्या, मग पुढचं वाचा.

दहा तारखेला दुपारी उतरतो आहे. विमानाच्या खिडक्या उघडत नाहीत, तेव्हा काळजी नसावी. मामाला फोन करून वाट पाहू नकोस म्हणालो. तो म्हणाला, जा, आणि माझ्या वाटचंही बाबांना भेट.

माझा उजवा हात अजून वर जात नाही. भेटल्यावर गळ्यात एकच हात पडेल, तो आम्हा दोघांचा समजा.

तुमच्या मायेचा,
हायरो